बेरीज की वजाबाकी?
(एका स्मृतिव्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ गावाने ही व्याख्यानमाला इतकी वर्षे निष्ठेने चालू ठेवली आहे, ते आयुष्यभर प्राथमिक शाळेतच शिकवीत राहिले आणि त्यांनी एकही ग्रंथ लिहिला नाही. म्हणून त्यांच्या नावाने बोलायला उभे राहणाऱ्याने फार मोठ्या विषयाला हात न घालता चौथीच्या वर्गातल्या एखाद्या उदाहरणाविषयी बोलावे, हेच मला औचित्याला धरून वाटते. गेल्या वर्षी याच व्यासपीठावरून लोकशाहीच्या भवितव्यावर व्याख्यान झाले, याची मला जाणीव आहे. त्या मानाने माझा विषय पाटीएवढा आहे. प्राथमिक शाळेतल्या मुलाला गणितात विचार करण्याची सवय कशी लागते, आणि बहुधा ती का लागत नाही, एवढ्यापुरतेच मी आज बोलणार आहे.

शाब्दिक उदाहरण फळ्यावर लिहून झाले, खडूची पूड झटकून गुरुजी वर्गाकडे वळले, की एक प्रश्न हमखास येतो. ज्यांनी ज्यांनी शिकवले आहे त्या सर्वांना तो तोंडपाठ आहे. “गुरुजी, बेरीज करायची की वजाबाकी?” हा प्रश्न मी छत्तीस वर्षे ऐकला, आणि त्यांतली पहिली दहा-बारा वर्षे मी त्याचे उत्तर देत असे. “वजाबाकी,” मी म्हणे, आणि मुले निमूटपणे पाटीवर मान घालून, हातचे सांभाळून, वजाबाकी अगदी बिनचूक करीत, आणि माझा समज असा की गणित शिकवून झाले. वस्तुतः त्या उदाहरणात गणित म्हणून जे काय होते ते मी त्या एका शब्दात स्वतःच उरकून टाकलेले असे; मुलांच्या वाट्याला उरे ती निव्वळ कारकुनी.

शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठी बाजारात ज्या मार्गदर्शिका मिळतात त्यांच्यात तर या कारकुनीचे शास्त्रच बनवलेले आढळते. ‘एकूण’ आले की बेरीज, ‘उरले’ आले की वजाबाकी, ‘प्रत्येकी’ आले की भागाकार; मुलाने उदाहरण वाचण्याच्या भानगडीत न पडता त्यातला एक शब्द हेरावा आणि त्याच्यापुढे नेमून दिलेली क्रिया करून मोकळे व्हावे, अशी ती तजवीज आहे. आता पुढील उदाहरण पाहा. शांताने आपल्या टोपलीतले आठ पेरू मैत्रिणींना वाटले, तेव्हा तिच्याजवळ पाच उरले. तर आरंभी टोपलीत किती पेरू होते? ‘उरले’ हा शब्द तेथे ठसठशीतपणे बसलेला आहे, आणि मार्गदर्शिकेच्या कायद्याप्रमाणे आठांतून पाच वजा जाऊन उत्तर तीन येते. म्हणजे जिने आठ पेरू वाटले तिच्याजवळ मुळात तीनच होते! हे उत्तर लिहिताना मूल हसत कसे नाही, याचे मला अजूनही नवल वाटते. कारण तेच मूल मधल्या सुटीत गोट्यांच्या हिशेबात एका गोटीचाही घोळ होऊ देत नाही.

१९८० च्या सुमारास फ्रान्समधील ग्रनोबल येथे गणिताच्या अध्यापनावर संशोधन करणाऱ्या संस्थेने प्राथमिक शाळेतल्या ९७ मुलांना एक प्रश्न घातला होता. एका जहाजावर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या आहेत, तर कप्तानाचे वय काय? ९७ पैकी ७६ मुलांनी दिलेल्या आकड्यांचीच काही ना काही उलाढाल करून वय काढून दिले. सव्वीस आणि दहा छत्तीस. कप्तानाला शोभेलसे वय आहे, हेही खरे. ही हकीकत सांगितली की श्रोते हसतात आणि मग हल्लीच्या मुलांच्या बुद्धीविषयी चार शब्द बोलले जातात. मला मात्र त्यात मुलांचा दोष दिसत नाही. शाळेचा म्हणून एक अलिखित करारनामा असतो आणि मुलांनी तो कोणी न शिकवता पुरता वाचलेला असतो: गुरुजींनी विचारलेल्या प्रश्नाला उत्तर असतेच, ते प्रश्नातल्याच आकड्यांतून निघते, दिलेला कोणताही आकडा शिल्लक ठेवायचा नसतो, आणि क्रिया बहुधा तीच असते जी या आठवड्यात चालू आहे. हा करार इमानाने पाळणाऱ्या मुलाला आपण एरवी शाबासकी देतो, आणि कप्तानाच्या बाबतीत तेवढे त्याला मूर्ख ठरवतो.

मी तोच प्रश्न बकऱ्या-मेंढ्या तशाच ठेवून, जहाजाच्या जागी मालमोटार आणि कप्तानाच्या जागी ड्रायव्हर घालून, माझ्या वर्गाला विचारून पाहिला. एका मुलाने प्रथम वजाबाकी करून १६ लिहिले, मग ते थुंकीने पुसले आणि बेरीज करून ३६ लिहिले. कारण विचारता तो म्हणाला, “गुरुजी, सोळा वर्षांच्याला लायसन देत नाहीत.” पाहा, बुद्धी लख्ख जागी होती, व्यवहाराचे ज्ञान होते, स्वतःच्या उत्तराची खातरजमा करण्याची वृत्तीही होती, नव्हती ती केवळ करार मोडण्याची मुभा. “गुरुजी, यावरून वय कळणार नाही,” असे म्हणण्याची सोय आम्ही त्याला तीन वर्षांत एकदाही ठेवली नव्हती.

माझ्या स्वतःच्या एका अपराधाचीही हकीकत येथे सांगितली पाहिजे. नोकरीच्या तिसऱ्या की चौथ्या वर्षी मी वर्गाला उदाहरण घातले: २० मीटर लांबीच्या दोरीचे चार-चार मीटरचे तुकडे करावयाचे आहेत, तर दोरी किती वेळा कापावी लागेल? सबंध वर्गाने पाच लिहिले; माझ्या टाचणवहीतही पाचच होते. देवळापुढे गजरे विकणाऱ्या एका बाईची मुलगी वर्गात होती, तिने तेवढे चार लिहिले होते. मी तिच्या पाटीवर फुली मारली. ती बोलली काही नाही. जाग्यावर बसून तिने वेणीची लाल फीत सोडली, मांडीवर ताणून धरली आणि शेजारणीला तिच्यावर अंतराअंतराने बोटे टेकवायला लावली. चार बोटे आणि त्यांच्या मधले-कडेचे मिळून पाच भाग. हे सर्व मला खुर्चीवरून दिसत होते, आणि मी काय केले असेल, तर “वर्गात वेण्या सोडू नका” म्हणून तिलाच दटावले. त्या रात्री घरी अळूवडीचा उंडा कापला जात होता. सुरी चार वेळा फिरली आणि ताटात पाच वड्या पडल्या, तेव्हा कोठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दुसऱ्या दिवशी मी वर्गापुढे चूक कबूल केली खरी. पण पाटी केव्हाच पुसली गेली होती, आणि त्या मुलीने पुढे वर्षभर उदाहरण सोडवल्यावर उत्तर लिहिण्यापूर्वी शेजारणीच्या पाटीत डोकावून पाहण्याची जी सवय लावून घेतली ती माझ्या कबुलीने मोडली नाही.

शाळेतल्या गणिताची आणि शाळेबाहेरच्या शहाणपणाची ही जी फारकत, ती केवळ आपल्याच देशातली नव्हे. ब्राझीलमधील रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ विकणाऱ्या पोराला एका गिऱ्हाइकाने दहा नारळांची किंमत विचारली. एक नारळ ३५ क्रुझेरोंचा होता. शाळेने शिकवलेली रीत म्हणजे पस्तिसांवर शून्य द्यावे. त्या पोराने तसे केले नाही. तीन नारळांचे एकशे पाच, आणखी तिनांचे धरून दोनशे दहा, आणखी तिनांचे धरून तीनशे पंधरा, आणि वरच्या एकाचे मिळून साडेतीनशे, असे तो बोलत बोलत चढत गेला. गिऱ्हाईक म्हणून आलेली मंडळी मानसशास्त्रज्ञ होती. त्यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात अशा पाच मुलांची पाहणी आहे: फुटपाथवर विचारलेल्या हिशेबांपैकी शेकडा ९८ त्यांनी बरोबर सांगितले, आणि तसलेच हिशेब पुढे कागदावर नुसत्या आकड्यांच्या रूपाने मांडून दिले तेव्हा जेमतेम शेकडा ३७ बरोबर आले. यावरून शाळा बंद करून मुलांना बाजारात बसवावे असा निष्कर्ष काढणारे उत्साही लोक भेटतात. त्यांना एवढेच सांगावे की त्या पोराला तीनशे सत्तर नारळांचा हिशेब करायचा झाला असता तर तिना-तिनांनी चढता चढता त्याची संध्याकाळ झाली असती. शाळेची रीत खोटी नाही. ती त्याच्या विचाराच्या पोटातून आलेली नव्हती, म्हणून कागद पुढे आला की विचार एकीकडे राही आणि रीत एकीकडे.

आपल्याकडे जुन्या पंतोजींच्या शाळेला नावे ठेवण्याचा आणि तिचे गोडवे गाण्याचा, असे दोन्ही शिरस्ते आहेत. त्या शाळेत धूळपाटीवर अक्षरे गिरवणारे पोर संध्याकाळी परवच्याला बसून तीसपर्यंतचे पाढे म्हणे, आणि त्याखेरीज पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी अशी अपूर्णांकांची सबंध फौज त्याला कवाईत करवून घ्यावी लागे. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. साडेतीन रुपये दराने सात पायल्या धान्याचे साडेचोवीस रुपये, हे त्याला कागदाला हात न लावता सांगता येई. मी पाठांतराचा वैरी नाही. साता आठे किती यापाशीच ज्याचा पाय अडतो, त्याला उदाहरणात काय विचारले आहे याकडे बघण्याची उसंतच मिळत नाही. पण पाढे हे भांडवल आहे. आणि पंतोजींनी भांडवल भरपूर दिले, परंतु ते कोठे गुंतवावे हा निर्णय बहुधा पेढीवर बसल्यावर मुलाने ठोकरा खात शिकावा, असाच तो सगळा व्यवहार होता.

आणि तरीही निर्णयाचे शिक्षण देण्याची परंपरा या भूमीत नव्हती असे म्हणवत नाही. भास्कराचार्यांची ‘लीलावती’ ११५० सालातली. चाळीसगावाजवळच्या पाटण येथे त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला आणि त्याची नोंद करणारा १२०७ सालचा शिलालेख तेथील देवळात आहे. ‘लीलावती’तल्या भ्रमरांच्या आणि हंसांच्या उदाहरणांचे कौतुक पुष्कळ झाले आहे, मला तिच्यातल्या दोन साध्या युक्त्यांचे कौतुक अधिक वाटते. एक विलोमविधी: शेवटाकडून उलट पावली चालत येणे. एका संख्येला तिनांनी गुणून पाच मिळवले तर सव्वीस होतात. तर मिळवलेले काढा, गुणले होते तेथे भागा, आणि सातांशी येऊन थांबा. वाट चुकलेला माणूस करतो तेच हे. दुसरे इष्टकर्म. एक संख्या, तिची निमपट आणि तिची पावपट मिळून सत्तर होतात. तर ती संख्या कोणती? भास्कराचार्य म्हणतात, मनाला येईल ती संख्या धरा. चार धरली तर चार, दोन आणि एक मिळून सात होतात. हवे आहेत सत्तर, म्हणजे दसपट. तर संख्या चाळीस. ज्या वर्गात चूक म्हणजे छडी असा समज असतो त्या वर्गातल्या मुलाला, आधी मुद्दाम एक चुकीचे उत्तर धर आणि त्याच्याच खांद्यावर उभा राहून खरे उत्तर काढ, हे सांगणे किती दिलासा देणारे आहे, ते चौथीच्या मुलांवर प्रयोग करून पाहिल्याशिवाय कळायचे नाही.

आता ज्यांच्या नावाने आपण जमलो त्यांच्याकडे येतो. मी त्यांच्या हाताखाली दोन वर्षे उमेदवारी केली. “बेरीज की वजाबाकी?” हा प्रश्न त्यांच्याही वर्गात येई, त्यावर ते, “उत्तर राहू दे रे, काय विचारलंय ते तुझ्या शब्दांत सांग,” एवढेच म्हणत आणि गप्प बसत. ते गप्प बसणे ही साधी गोष्ट नव्हती. चाळीस मुले आपल्याकडे टक लावून बसलेली असताना तोंडाशी आलेले उत्तर गिळून बसणे काय असते, हे मी नंतर स्वतः करून पाहिले तेव्हा मला समजले.

एकदा त्यांच्या वर्गावर डेप्युटीसाहेब तपासणीला आले. फळ्यावर उदाहरण होते: २५ पैशांना एक पेन्सिल, तर ४८ पेन्सिलींना किती? एका मुलीने अठ्ठेचाळिसांना पंचविसांनी गुणायला घेतले. दुसरा म्हणाला, चार पेन्सिलींना रुपया, तर चारांचे किती गठ्ठे ते मोजू. ज्याच्या आजोबांनी त्याच्याकडून पावकी घोटून घेतली होती तो म्हणाला, अठ्ठेचाळिसांचे पाव बारा, झाले. तोवर त्या मुलीचा गुणाकार १२०० वर येऊन ठेपला आणि तिने पाटीवर ‘१२०० रुपये’ लिहिले. गुरुजींनी चूक म्हटले नाही की बरोबर म्हटले नाही. “ताळा बघा,” म्हणाले. मग पेन्सिलींच्या खोक्याला बाराशे रुपये पडतात काय, यावर वर्गात जी खडाजंगी झाली तिच्यात रुपयाचे पैसे शंभर, ही गोष्ट त्या मुलीने स्वतःच शोधून काढली. तास संपला. डेप्युटीसाहेबांनी विचारले, “एका तासात एकच उदाहरण?” गुरुजी नम्रपणे म्हणाले, “उदाहरण एकच आहे साहेब. पण सोडवलं बेचाळीस जणांनी आहे.” शेरेबुकात ‘गणिताचा अभ्यासक्रम मागे आहे’ असा शेरा पडला, आणि तो वस्तुस्थितीला धरूनच होता.

‘ताळा’ हा शब्द आता मुलांच्या कानांवर पडत नाही. जॉर्ज पोल्या या हंगेरियन गणितज्ञाने १९४५ साली उदाहरणे कशी सोडवावीत यावर जे पुस्तक लिहिले त्यात चार पायऱ्या सांगितल्या आहेत: प्रश्न समजून घेणे, बेत आखणे, तो तडीस नेणे, आणि मागे वळून पाहणे. पैकी तिसरी पायरी आपल्या शाळांत दिवसभर चालते, पहिल्या दोन गुरुजी स्वतः चढून जातात, आणि चौथी कोणीच चढत नाही. वास्तविक त्या चौथ्या पायरीला जमाखर्ची मराठीत इतका नेमका शब्द होता की ज्याच्या हिशेबाचा ताळा जमत नाही त्याचे दप्तर रात्री बंद होत नसे.

जाता जाता संख्यानामांविषयी एक गोष्ट. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘बावन्न’बरोबर ‘पन्नास दोन’ असे वाचन सुचवले गेले आणि महाराष्ट्रात केवढा गहजब झाला. मी दोन्ही बाजूंच्या सभांना गेलो. ‘पन्नास दोन’मुळे दशक-एकक डोळ्यांना दिसतात हे खरे, आणि ‘एकोणतीस’ या शब्दात तिसांत एक उणा हा सबंध विचार आयता गुंडाळून ठेवलेला आहे हेही तितकेच खरे. एकोणतीस अधिक सतरा करताना जो मुलगा “तीस आणि सतरा सत्तेचाळीस, एक उणा, सेहेचाळीस” म्हणतो त्याने तो शब्द ऐकला आहे. त्या सभांत मात्र भाषेच्या अस्मितेवर तासन्‌तास बोलणे झाले. ‘एकोण’ म्हणजे काय, हे दुसरीच्या पोराला कोणी विचारले की नाही, याची चौकशी कोणी केली नाही.

सराव हवा, ही ओरड मी नाकारीत नाही; पण सराव कशाचा, हे पाहिले पाहिजे. आपल्या नाशिकजवळच्या देवळालीला दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे १९३० पासून १९६२ पर्यंत शाळामास्तर होते. चार अंकी संख्येचे अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढत्या क्रमाची मांडणी वजा करीत गेले, तर अंक सगळे सारखे नसल्यास सात वजाबाक्यांच्या आत ६१७४ हीच संख्या येते, हा त्यांचा शोध आता जगभर त्यांच्या नावाने ओळखला जातो. ३५२४ घ्या: ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२, ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. हातच्याच्या वजाबाक्यांचा कंटाळा करणारी मुले या नादात पाटीमागून पाटी भरतात, आणि एखादी वजाबाकी चुकली तर ६१७४ कडे जाणारी वाट लांबू शकते म्हणून स्वतःच मागे फिरून तपासतात.

पण मला त्यांच्या स्वयंभू संख्या अधिक प्रिय आहेत. कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवावी. जी संख्या येईल तिची पहिली ही जनक. २३ मध्ये दोन आणि तीन मिळवले की २८. म्हणून अठ्ठाविसांचा जनक तेवीस. आता ज्या संख्येला जनकच नाही ती स्वयंभू. निवृत्तीच्या आदल्या वर्षी हे मी चौथीला सांगितले आणि वीसचा जनक शोधायला लावले. पाऊण तास पाट्या भरल्या-पुसल्या गेल्या. “नाही सापडत,” मुले म्हणाली. “सापडत नाही, की नाहीच?” मी विचारले, आणि गुरुजींचे स्मरण करून गप्प बसलो. अखेरीस मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. एरवी त्याचे पाढेही धड नव्हते. तो म्हणाला, एक अंकी संख्या घेतली तर ती दुप्पट होते, आणि नवाचे झाले अठराच, पुढे जात नाही. दहापासून एकोणीसपर्यंत घेतले तर अकरा, तेरा, पंधरा असे विषमच येतात, वीस येऊच शकत नाही. आणि वीस घेतले की बावीस, पुढे निघून गेलो. “म्हणजे नाहीच,” तो म्हणाला आणि खाली बसला. त्याला बेरीज की वजाबाकी, हे कोणी सांगितले नव्हते.

दुसऱ्या दिवशी तो शाळेच्या फाटकापाशीच उभा होता. एकतीसलाही बाप नाही म्हणाला, बेचाळीसलाही नाही, आणि त्रेपन्नलाही. अकरा-अकरा मिळवत जायचे, की झाले. “कुठपर्यंत?” मी विचारले. त्याने सत्त्याण्णवपर्यंत तपासले होते. आठवडाभराने, मी दप्तर आवरीत असताना, तो धापा टाकीत आला. एकशे आठ बरोबर निघाले होते, पण पुढे गाडी अडली होती, आणि त्याच्या चेहऱ्यावर राग होता की आनंद, हे मला आजतागायत ठरवता आलेले नाही. “गुरुजी,” तो म्हणाला, “एकशे एकोणीसला बाप सापडला! एकशे नऊ!”